खुर्ची, तसबीर आणि नावे



मी हैदराबादची. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना सालारजंग संग्रहालय दाखवायला नेणे हा आम्हा हैदराबादकरांचा ठरलेला कार्यक्रम. पाहुणे बुरख्याआडची संगमरवरी रिबेका पाहतात, तासाचे टोल देणारे घड्याळ पाहतात आणि दमून बाहेर पडतात. जुन्या खुर्च्या-मेजांपाशी फार कोणी रेंगाळत नाही. आज मी त्यांच्याविषयी आणि जुन्या छायाचित्रांविषयी बोलणार आहे, कारण माझ्या मते ही दोन्ही एकमेकांची साक्षीदार आहेत.

तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान, १९४९ साली वारले. त्यांचा संग्रह १६ डिसेंबर १९५१ रोजी त्यांच्याच दिवाण देवडीत लोकांसाठी खुला झाला आणि १९६८ साली मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आला. मराठीत देवडी म्हणजे वाड्याच्या दरवाजातली पहारेकऱ्यांची जागा; हैदराबादेत मात्र उमरावाच्या अख्ख्या हवेलीलाच देवडी म्हणतात. ती देवडी आता जवळजवळ उरलेली नाही. म्हणजे सामान जपले गेले, पण ते ज्या घरात मांडलेले होते ते घर गेले. इथल्या हस्तिदंती खुर्च्या फ्रान्सच्या सोळाव्या लुईने टिपू सुलतानाला दिल्या, असे सांगतात. पण खुर्ची कुठे मांडलेली असे, तिच्यावर घरधनी बसे की पाहुणा, हे खुर्ची स्वतः सांगत नाही. ते छायाचित्र सांगते.

राजा दीनदयाळ यांचेच काम पाहा. ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात आराखडे काढत. तिथेच छायाचित्रणाकडे वळले, तुकोजीराव होळकरांचा आश्रय त्यांना लाभला आणि पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र घडवणारा. आपली ‘तसबीर’ त्याच अरबी मुळातून आली आहे. त्यांनी बशीर बाग महालाच्या अंतर्भागाची छायाचित्रे घेतली. महाल आज नाही, बशीरबाग हे वस्तीचे नाव उरले आहे. त्या दालनांत काय कसे मांडले होते, हे मात्र अजून पाहता येते.

सामान आणखी एक गोष्ट जपते, ती म्हणजे भाषा. खुर्ची अरबी, मेज फारसी, टेबल इंग्रजी. कपाट हा संस्कृत शब्द. तिकडे त्याचा अर्थ दाराची फळी. पण त्या कपाटाची बिजागरी आणि चावी पोर्तुगीज, ते करणारा मेस्त्रीही पोर्तुगीजच! एका कपाटात एवढा इतिहास मावतो.

आता घरची गोष्ट. वडील गेल्यावर आम्ही भावंडांनी घर आवरले आणि जुने लाकडी सामान जुमेरात बाजारातल्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकले. त्यात आजोबांची हातांची खुर्ची होती. तिच्या डाव्या हातावर पितळी पट्टी ठोकलेली होती. माझ्या वाट्याला एक तसबीर आली : खुर्चीत आजोबा, मांडीवर तान्हे बाळ, शेजारी आजी आणि परकरातली आत्या. मागे पडदा, त्यामुळे गाव कळत नाही. बाळ म्हणजे माझे वडील, असे आम्ही सगळेच समजत होतो.

एकदा आत्याने भिंग मागितले. बराच वेळ पाहून म्हणाली, “अगं, पट्टी कुठंय?” इंदूर सोडून हैदराबादला येताना रेल्वेत खुर्चीचा हात मोडला होता. पट्टी इथल्या मेस्त्रीने ठोकली, आणि वडील त्यानंतर इथेच जन्मले. आत्या हळूच म्हणाली, “मग हा आधीचा.” वडिलांच्या आधीचा मुलगा इंदूरलाच दीड वर्षाचा होऊन गेला होता. त्याचा चेहरा कुठेच नाही, असे आजी आयुष्यभर म्हणत आली. तो चेहरा तिच्याच भिंतीवर टांगलेला होता. आम्हाला कळले तेव्हा आजी नव्हती, आणि ज्या खुर्चीमुळे कळले तीही आम्ही विकून बसलो होतो.

म्हणून माझी विनंती मोठी नाही. घरातल्या तसबिरींच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने माणसांची नावे, गाव आणि साल लिहा. त्यात एखादी घडवंची, फडताळ, चौरंग दिसत असेल तर तेही नाव लिहा, तुमच्या घरात म्हणत तसेच. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत हे शब्द माणसांबरोबरच जात आहेत. संग्रहालयात प्रत्येक वस्तूपाशी फलक असतो. आपल्या घरचा फलक आपल्यालाच लिहावा लागतो, आणि सांगणारे माणूस समोर बसलेले असतानाच लिहावा लागतो.