हजार पानांची पेस्ट्री, घरच्या ओट्यावर

आज वही-पेन घेऊन बसा. मापं मी सावकाश सांगणार आहे, आणि आज मापांपेक्षाही वेळा महत्त्वाच्या आहेत.

पदार्थाचं नाव आहे ‘मील-फय’. फ्रेंच नाव. मील म्हणजे हजार आणि फय म्हणजे पान. हजार पानांची पेस्ट्री. खुसखुशीत पापुद्र्यांच्या तीन पट्ट्या, त्यांच्या मध्ये घट्ट कस्टर्डचे दोन थर आणि वर साखरेचा पांढरा लेप, त्यावर चॉकलेटच्या नक्षीच्या रेघा. फ्रान्समध्ये रविवारच्या जेवणानंतर खायला अशा पेस्ट्र्या दुकानातून खोक्यात घालून घरी नेतात. या पापुद्र्यांच्या पिठाची कृती ला व्हारेन नावाच्या आचाऱ्याच्या १६५१ सालच्या पुस्तकात सापडते. पुढे कारेम नावाच्या प्रसिद्ध आचाऱ्याने ते पीठ फार नावारूपाला आणलं. आता तर फ्रान्समधल्या घरांतही पुष्कळ जणी लाटलेलं तयार पीठ बाजारातून आणतात. म्हणजे हे जमलं नाही तर लाजायचं कारण नाही.

मला पहिल्यांदा नाहीच जमलं. लेक कॉलेजात फ्रेंच शिकते, तिला वाढदिवसाला हेच हवं होतं. एप्रिल महिना, दुपारचे दोन. मी कृती वाचून पीठ मळलं, त्यात बटर भरलं आणि एका दमात लाटून, घड्या घालून मोकळी झाले. भट्टीत ट्रे ठेवला आणि दहा मिनिटांत बटर बाहेर वाहायला लागलं. हातात आली ती बटरमध्ये तळलेली जाड पुरी. पापुद्रा एक नाही.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागे येऊन उभ्या राहिल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचं मनगट मोडलं, तेव्हापासून त्या ओट्याशी फारशा येत नाहीत. त्यांनी एक तुकडा मोडला, बोटांत चुरला आणि म्हणाल्या, “साटा वितळलाय गं तुझा. चिरोट्याला असा पातळ साटा लावतात का?”

मी गप्प. कारण या घरात येऊन वीस वर्षं झाली, तरी चिरोटे त्यांनीच करायचे आणि आम्ही खायचे. त्यांचं मनगट मोडल्यावर दिवाळीचे चिरोटे दुकानातून यायला लागले. त्यांच्या हातातलं शिकून घ्यायचं राहूनच गेलं होतं. ते मला त्या दिवशी त्या फसलेल्या ट्रेपुढे कळलं.

आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. चिरोटा काय, बेकरीतली खारी काय आणि ही फ्रेंच पेस्ट्री काय, पदर सुटायचं कारण एकच. पिठाच्या दोन पदरांमध्ये स्निग्ध पदार्थाचा अखंड थर राहिला पाहिजे. तो पिठात मुरला की पदर एकमेकांना चिकटले. फरक इतकाच की आपण साट्याला तूप घेतो आणि तळतो, ते बटर घेतात आणि भाजतात. बटरमध्ये थोडं पाणी असतं. भट्टीत त्याची आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक पदर वर उचलते. पण बटर २० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं आणि ३२ ते ३५ अंशांना वितळतं. एप्रिलच्या दुपारी माझं स्वयंपाकघर त्याहून गरम होतं!

म्हणून पहिला नियम: पहाटे किंवा रात्री करा, पंखा लावून, आणि फ्रीज रिकामा ठेवून.

आता लिहून घ्या. मैदा पाव किलो, बिनमिठाचं बटर २०० ग्रॅम, वितळलेलं बटर २ मोठे चमचे, मीठ १ लहान चमचा, लिंबाचा रस १ लहान चमचा, आणि थंडगार पाणी साधारण सव्वाशे मिलिलिटर. खारं बटर असेल तर मीठ वगळा. मैद्यात मीठ, लिंबू, वितळलेलं बटर आणि लागेल तसं पाणी घालून गोळा करा. फार मळायचं नाही, एकजीव झालं की पुरे. झाकून एक तास फ्रीजमध्ये. २०० ग्रॅम बटर दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकून वीतभर चौकोन करा. तोही फ्रीजमध्ये. बटर वाकवलं तर वाकलं पाहिजे. तुटलं तर जास्त गार आहे, बोटाला लागलं तर जास्त मऊ आहे.

पिठाचा मोठा चौकोन लाटा, बटर त्यावर तिरकं ठेवा आणि चारही कोपरे मध्ये आणून पाकिटासारखं बंद करा. आता एकाच दिशेने लांब लाटा, रुंदीच्या तिप्पट. पत्राची करतो तशी तीन पदरी घडी घाला. घडी पाव वळसा फिरवून पुन्हा लांब लाटा, पुन्हा घडी. या झाल्या दोन. आता फ्रीजमध्ये पाऊण तास. मग पुन्हा दोन, पुन्हा पाऊण तास. मग शेवटच्या दोन आणि निदान एक तास विश्रांती. एकूण सहा घड्या. हिशोब करा: तीन, नऊ, सत्तावीस, एक्याऐंशी, दोनशे त्रेचाळीस आणि सातशे एकोणतीस. बटरचे ७२९ थर, तेही एका पट्टीत. तीन पट्ट्यांचे दोन हजारांवर. नावात हजारच म्हणतात, तो त्यांचा विनय.

मध्ये थांबायचं ते नुसतं बटर गार व्हावं म्हणून नाही. लाटलेला मैदा आखडतो. तसाच ओढलात तर पदर फाटतात आणि भाजताना चौकोनाचा भलताच आकार होतो. पुरणपोळीची कणीक आपण तिंबून मुरत ठेवतो ना, तसंच हे. मी त्या पाऊण तासांत धुणं वाळत घातलं, भाजी चिरली, डबे भरले. प्रत्यक्ष हात लावायचं काम फार तर अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. बाकी वेळ पीठ आपलं काम करत असतं.

यातलं निम्मं पीठ आज घ्या, निम्मं फ्रीजरमध्ये ठेवा, महिनाभर टिकतं. घेतलेलं पीठ दोन-तीन मिलिमीटर जाड लाटा, काट्याने सगळीकडे टोचा. बेकिंगच्या कागदावर ठेवा, वर दुसरा कागद आणि त्यावर दुसरा ट्रे. हे वजन हवंच, नाहीतर खारीसारखं वाटेल तसं फुगतं आणि कस्टर्ड बसत नाही. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर वीस मिनिटं. मग वरचा ट्रे काढून आणखी दहा मिनिटं, चांगला तांबूस रंग येईपर्यंत. फिकट राहिलं तर आतून कच्चं राहतं. शेवटी वर पिठीसाखर चाळून २२० अंशांवर तीन-चार मिनिटं. साखर वितळून चकचकीत होते आणि तिच्यामुळे कस्टर्डचा ओलावा लवकर आत शिरत नाही. इथे ओव्हनसमोरून हलू नका. गार झाल्यावर सुरीने तीन सारख्या पट्ट्या कापा.

आता कस्टर्ड. फ्रेंच पद्धतीत अर्धा लिटर दुधाला ४ अंड्यांचे बलक, १०० ग्रॅम साखर आणि ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. बलक, साखर, कॉर्नफ्लोअर फेटून त्यात गरम दूध धारेने ओतायचं, परत गॅसवर ठेवून सतत ढवळत एक मिनिट उकळायचं. कॉर्नफ्लोअर असल्यामुळे अंडं फुटत नाही.

पण आई अंडं खात नाहीत. आणि ज्यांनी चूक दाखवली त्यांनाच ताटात काही नाही, हे मला पटेना. मग कस्टर्ड पावडर काढली. ही पावडरच मुळी अशा अडचणीतून आली आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं सोसत नसे, म्हणून त्यांनी १८३७ साली ती तयार केली. अर्धा लिटर दूध, कस्टर्ड पावडर सपाट ६ मोठे चमचे, साखर ९० ग्रॅम. पावडर थोड्या गार दुधात कालवून उकळत्या दुधात घाला, घोटत राहा, घट्ट झालं की दोन मिनिटं शिजवा. उतरवून ३० ग्रॅम बटर घाला. साय धरू नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद थेट कस्टर्डला चिकटवून ठेवा. पूर्ण गार झालं की एकदा फेटून घ्या.

पट्टी, कस्टर्ड, पट्टी, कस्टर्ड. वरच्या पट्टीवर आधीच लेप द्या: दीड वाटी पिठीसाखर, दोन-तीन चमचे पाणी. तो ओला असताना वितळलेल्या चॉकलेटच्या आडव्या रेघा ओढून टूथपिक उभी फिरवा. मग हीच पट्टी आधी तुकडे करून वर रचा, नाहीतर कापताना कस्टर्ड बाहेर येतं. खालचं ब्रेडच्या दातेरी सुरीने, करवतीसारखं, न दाबता कापा. आणि खायच्या आधी तास-दोन तासच रचा. रात्रभर ठेवलंत तर पापुद्रे मऊ पडतात.

दुसऱ्या खेपेला पहाटे साडेपाचला सुरुवात केली. आई खुर्ची घेऊन ओट्याशी बसल्या. लाटणं माझ्या हातात, डोळे त्यांचे. “दाबू नकोस, सरकव,” “कडेचं बटर पुढे येतंय, ठेव फ्रीजमध्ये,” असं चाललं होतं. संध्याकाळी लेकीने पहिला तुकडा आजीला दिला. त्यांनी सावकाश खाल्ला, ताटलीतला चुरा बोटाने टिपला आणि म्हणाल्या, “गोड जरा जास्त झालंय. पण पदर सुटलेत.”

या दिवाळीला चिरोटे घरी करायचे ठरलेत. साटा मी लावणार, त्या बघणार. तुमच्या घरातही असं कुणाच्या हातातलं काही शिकायचं राहिलं असेल, तर आधी ते विचारून घ्या. मील-फय नंतर करा.