माशीला बाहेरची वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत बोलायचे म्हणजे स्त्रीशिक्षण, मुलांवरील संस्कार, समाजाचे ऋण असे काहीतरी भारदस्त बोलावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. माझ्या आधीच्या दोघी भगिनी तसे बोलल्या, आणि फार चांगले बोलल्या. माझ्या वाट्याला 'गृहोपयोगी सूचना' आल्या आहेत. म्हणून मी आज माशीवर बोलणार आहे. हसू नका! बालवाडीच्या खाऊच्या खोलीत आणि आपल्या पापड-मसाल्याच्या खोलीत माश्यांचे काय करायचे, हा प्रश्न गेल्या तीन मासिक सभांत पुढे ढकलला गेला आहे. एक पक्ष म्हणतो, खिडक्या कायम बंद ठेवा. दुसरा म्हणतो, रोज औषध फवारा. मला तिसरा उपाय सुचवायचा आहे.

आधी माशीचा अपराध काय, ते पाहू. माशीला दात नाहीत. तिचे तोंड म्हणजे एक ओला बोळाच. घट्ट पदार्थ तिला खाता येत नाही. म्हणून साखरेच्या दाण्यावर बसली की ती त्यावर पोटातले पाणी ओकते, दाणा विरघळवते आणि मग शोषून घेते. चव तिला पायांनी कळते, तेव्हा जे दिसेल त्यावर ती आधी पाय ठेवून पाहते. तेच पाय घटकाभरापूर्वी कुठे होते, हे या सभेत सांगायला नको. हगवण, विषमज्वर, पटकी यांचे जंतू ती अशी पायांवरून आणि पोटातून वाहून आणते. गेल्या आषाढात आपल्या गल्लीतल्या चार घरांत लहान मुले जुलाबाने आजारी पडली. त्यांतली दोन आपल्या बालवाडीतली. डॉक्टरांनी सगळा दोष माशीच्या माथी मारला नाही. पाणी, न धुतलेले हात आणि माशी अशी तिन्ही नावे घेतली. पाणी आपण उकळू लागलो. मोरीपाशी साबण आला. माशी तेवढी राहिली.

आता कुणी म्हणेल, जाळी लावली की झाले. खिडकीला जाळी लावण्याची युक्ती मोठ्या शास्त्रज्ञाच्या डोक्यातून नव्हे, तर आपल्या चाळणीतून निघालेली आहे. अमेरिकेत कनेटिकट राज्यात जॉर्जटाउन गावी गिल्बर्ट आणि बेनेट यांचा चाळण्यांचा कारखाना होता. १८६१ साली तिथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडचे गिऱ्हाईक तुटले आणि चाळण्यांसाठी विणलेले तारेचे कापड पडून राहिले. त्याला रंग देऊन ते खिडक्यांना लावण्यासाठी विकायची कल्पना पुढे आली, आणि पडून राहिलेल्या मालाचे सोने झाले. आज आपल्या सरकत्या खिडक्यांना नायलॉनची जाळी बसते, ती त्या चाळणीचीच नात.

पण ही चाळणी फार न्यायी असते बरे का! बाहेरच्या माशीला ती आत येऊ देत नाही, तशी आतल्या माशीला बाहेरही जाऊ देत नाही. आणि माशी आत येतेच. खिडकीला जाळी आहे, दाराला कुठे आहे? दूधवाला येतो, मुले धावत येतात, आंब्याची पेटी येते, वाळवणाचे ताट आत येते. त्यांच्याबरोबर दोनचार माश्या येतात. मग दिवसभर त्या जाळीवर आपटत राहतात आणि थकल्या की ताटावर बसतात. जाळी लावल्यावर घरात माश्या जास्त दिसतात, अशी तक्रार अनेकींकडून मी ऐकली आहे. तक्रार खरी आहे. आपण कोंडवाडा बांधला आहे, त्याला बाहेरचे दार ठेवलेले नाही.

हे दार कुठे ठेवायचे, ते माशीच आपल्याला सांगते. दुपारच्या वेळी तिच्याकडे पाच मिनिटे लक्ष देऊन पाहा. दिवसा ती उजेडाकडे जाते. जाळीवर बसली की वर चढते. वरच्या चौकटीला डोके लागले की खाली पडते आणि पुन्हा चढू लागते. म्हणजे उजेडाकडे आणि वर, हे तिचे दोन नियम. जी वाट या दोन्ही नियमांत बसेल, ती तिला शोधावी लागत नाही.

ही गोष्ट मध काढणाऱ्यांनी फार पूर्वी ओळखली. मध काढण्याच्या खोलीत पोळ्यांबरोबर मधमाश्या येणारच. त्यांना मारायचे तर नसते, आणि वासाने बाहेरून येणाऱ्या हजारो तर आत नको असतात. म्हणून ते लोक जाळी खिडकीच्या बाहेरच्या अंगाने ठोकतात, आणि ती खिडकीच्या वर भिंतीवर वीतभर तशीच चढवतात. त्या वीतभर भागात भिंत आणि जाळी यांमध्ये पाव इंच जाडीच्या पट्ट्या घालून फट ठेवतात. फट वरच्या टोकाला उघडी. आतली माशी जाळीवरून चढत चढत त्या फटीत शिरते आणि वरून उडून जाते. बाहेरची मात्र वास जिथून येतो तिथे, म्हणजे खिडकीसमोरच्या जाळीवरच घुटमळते. वर वीतभर अंतरावर फट आहे, हे तिच्या ध्यानात येत नाही.

आपल्या भाड्याच्या घरांत भिंतीवर खिळे ठोकू देणारे मालक थोडे. तेव्हा मी माझ्या स्वयंपाकघरात दुसरा प्रकार केला आहे. तो नरसाळ्याचा. जाळीच्या वरच्या कोपऱ्यात, आमटीची वाटी ठेवून तेवढे भोक कापायचे. उरलेल्या तारेच्या जाळीची खाऱ्या दाण्यांच्या पुडीसारखी सुरळी वळायची, लांबी अर्धी वीत. टोकाला मटारचा दाणा जाईल एवढे भोक ठेवायचे, त्याहून मोठे नको. रुंद तोंड आतल्या बाजूला भोकावर बसवून बारीक तारेने सगळीकडून शिवून घ्यायचे, आणि टोक बाहेर, किंचित वर झुकलेले ठेवायचे. ओढ्यात मासे धरायला बांबूची टोपली लावतात, तिच्या तोंडाशी असेच नरसाळे असते. मासा सहज आत जातो, पण परतीचे बारीक भोक त्याला सापडत नाही. आपण तीच टोपली उलटी लावली आहे, एवढेच.

चारदोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. नायलॉनची जाळी आकार धरत नाही. नरसाळे तारेचेच हवे. सरकत्या खिडकीत ते शेजारच्या काचेला अडते. तिथे वरच्या झडपेच्या जाळीला बसवावे. ज्या खिडकीत दुपारी जास्त उजेड असतो ती निवडावी, आणि जेवणे झाल्यावर अर्धा तास बाकीच्या खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत, म्हणजे माश्यांच्या मनात दुमत राहत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: दिवेलागणीला टोकात कापसाचा बोळा घालावा. रात्री हिशेब उलटा होतो. उजेड घरात आणि अंधार बाहेर. मग तीच वाट किड्यांना आत यायची होते. डास तर अंगानेच बारीक. पावसाळ्यात जिथे डास फार, तिथे नरसाळे दुपारी तासभर उघडावे आणि पुन्हा बंद करावे.

एखादी माशी चुकून टोकातून आत येते का? येते. पण येणारीपेक्षा जाणाऱ्या पुष्कळ. माझ्या घरात दुपारच्या जेवणानंतर आता जाळीवर माश्यांचा थवा बसलेला नसतो, एवढे मी खात्रीने सांगते. सूनबाईने तर फवाऱ्याची बाटली माळ्यावर टाकली.

फवाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर तेही बोलते. डीडीटी कीटकांना मारते हे पॉल म्युलर यांनी १९३९ साली शोधले, आणि त्याबद्दल त्यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण पारितोषिक मिळण्यापूर्वीच, १९४७ पर्यंत, त्या औषधाला दाद न देणाऱ्या माश्या स्वीडनमध्ये आणि इटलीत सापडल्या होत्या. औषधाने दुबळ्या मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी चिवटांची होते. पुढे इतर औषधांच्या बाबतीतही हेच झाले. औषध सगळे निरुपयोगी असे मी म्हणत नाही. पण जिथे तीन वर्षांची मुले जमिनीवर सांडलेला चुरमुरा उचलून तोंडात घालतात, तिथे रोज विषारी फवारा मारायचा, हे माझ्या मनाला पटत नाही. आणि खिडक्या बंद ठेवाव्यात तर भट्टीसमोर मसाला भाजणाऱ्या भगिनींना विचारा, वैशाखात तिथे काय होते ते.

आता ज्या प्रश्नासाठी मी आज बोलायला उभी राहिले, त्याकडे येते. गेल्या सभेत मी हे नरसाळे दाखवले, तेव्हा मागच्या गल्लीतल्या एक वहिनी उठून म्हणाल्या, "काकू, तुमची युक्ती छान आहे. पण तुमच्या घरातून गेलेली माशी जाते कुठे? आमच्याच घरी ना? आमच्या खिडक्यांना जाळी नाही, आणि कुंडी आमच्या दाराशी आहे." सभेत काही जणी हसल्या. मला हसू आले नाही, कारण प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या घरातला उपद्रव उचलून शेजारणीच्या दारात ठेवायचा, याला स्वच्छता म्हणत नाहीत.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर माशीच्या जन्मकथेत आहे. माशी एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालते, शेणात किंवा ओल्या कचऱ्यात. अंडे दिवसभरात फुटते. अळी चारपाच दिवस त्याच ओलीत वाढते. मग ती ओला कचरा सोडून कोरड्या मातीत शिरते आणि कोष करते. उन्हाळ्यात अंड्यापासून माशीपर्यंत सगळा प्रवास ७ ते १० दिवसांत पुरा होतो. म्हणजे कुंडी आठवड्याने रिकामी केली तर अळ्या आधीच मातीत पळालेल्या असतात. आपण रिकामे घर झाडतो. तीच कुंडी आठवड्यातून दोनदा, तळापर्यंत रिकामी केली तर अळीला पळायला सवड मिळत नाही. मागच्या गल्लीतली कुंडी आठ-आठ दिवस भरलेली असते, आणि तिच्यात खरकटे कुणाचे असते? वहिनींच्या घरचे थोडे. बाकीचे आपल्या बालवाडीचे, आपल्या मसाल्याच्या खोलीचे आणि माझ्याही घरचे.

म्हणून माझी सूचना दोन भागांची आहे आणि ती तोडून घेऊ नये, अशी विनंती आहे. बालवाडीच्या चारही खिडक्यांना नरसाळी बसवावीत. त्याच दिवसापासून मंडळाचा ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवून रोज सकाळच्या घंटागाडीत स्वतः नेऊन घालावा. मागच्या कुंडीत आपल्याकडून एक सालही पडू नये. कुंडी आठवड्यातून दोनदा तळापर्यंत रिकामी व्हावी, यासाठी मंडळाच्या नावाने अर्ज करावा, आणि उत्तर येईपर्यंत सोमवार-गुरुवार आपल्यापैकी दोघींनी पाळीपाळीने तिथे उभे राहून ते काम करवून घ्यावे. पहिल्या पाळीला मी आहे. त्या वहिनींच्या खिडक्यांना लागणारी जाळी मंडळाच्या खर्चातून द्यावी, असेही मी सुचवते. पापडाच्या शिलकीत तेवढे पैसे आहेत, हे खजिनदारबाईंना विचारूनच बोलते आहे.

हे सगळे मान्य नसेल, तर नरसाळीही बसवू नका. नुसती नरसाळी बसवली, तर पुढच्या वर्धापनदिनाला मागच्या गल्लीतल्या एकही भगिनी या सभेला येणार नाहीत, आणि त्यांचे चुकणार नाही.

उरलेल्या जाळीचे गुंडाळे मंडळाच्या कपाटात आहे. येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी आणि सुतारमामा बालवाडीत बसणार आहोत. येताना मापाला आमटीची एक वाटी आणि एक जुनी कात्री आणा. चांगली कात्री आणू नका, धार जाते.