तळ पाहून जिग

लहानपणी अब्बांबरोबर मी खाडीवर गरवायला जायचो. बिस्मिल्ला म्हणून गळ सोडला की ते दोरी बोटावर धरत आणि न बघता सांगत, ‘आता खडप लागलं. आता रेती.’ मला काहीच कळत नसे. दोरीला बांधायचं शिसं ते घरीच जुन्या पळीत वितळवत. त्यातली दोन शिसं ते गेल्यावर माझ्याकडे आली. २०१९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत भाच्याकडे निघालो, तेव्हा ती मी बॅगेत टाकली.

भाचा न्यू हॅम्पशायर राज्यात राहतो. जवळच विनिपेसॉकी हे मोठं सरोवर आहे. तिथं बास नावाचा मासा गरवतात, जिग लावून. जिग म्हणजे गळ आणि वजन एकातच ओतलेलं, वर रबराच्या झिरमिळ्या. भाच्याच्या पेटीत असे चाळीसेक जिग होते. मला वाटलं, हौस! तो म्हणाला, ‘मामू, मासा नंतर. आधी खाली काय आहे ते बघा.’

खडकावर रग्बीच्या चेंडूसारख्या आडव्या डोक्याचा जिग. तो फटीत सहसा शिरत नाही, दगडावरून डुलत जातो, आणि तळाशी चालणाऱ्या झिंग्यासारखा दिसतो. बासला तो झिंगा फार प्रिय. पाणवनस्पतीत मात्र निमुळतं डोकं हवं, दोरीची कडी अगदी नाकाशी, म्हणजे पाला अडकत नाही. बुडालेल्या लाकडांत गळाच्या टोकापुढे राठ केसांचा झुबका असलेला. चिखलात हलका, नाहीतर रुतून बसतो.

एवढं ऐकूनही मी खडकावर निमुळताच टाकला. दिसायला देखणा होता. कवीची खोड, दुसरं काय! दुसऱ्याच ओढीला तो फटीत बसला. भाच्यानं होडी वळवून उलट बाजूनं ओढून पाहिलं. दोरी तुटली.

तेवढ्यात जरा लांब एक काळापांढरा पक्षी वर आला. लालभडक डोळे. त्याला लून म्हणतात. कोंबडी खडे गिळते, तसा हाही अन्न दळायला तळाचे खडे गिळतो. त्यांबरोबर तुटलेला शिशाचा जिग पोटात गेला, किंवा तो अडकलेला मासा खाल्ला, तर एवढा मोठा पक्षी काही आठवड्यांत मरतो. त्यासाठी एकच जिग पुरतो. म्हणून त्या राज्यात २०१६पासून एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमपर्यंतचे शिशाचे जिग आणि वजनं गोड्या पाण्यात वापरायला आणि विकायलाही बंदी आहे. मी गमावलेला जिग टंगस्टनचा होता. तो महाग असतो, पण तेवढ्याच वजनाला आकारानं लहान आणि कठीण. त्यामुळे तळाचा दगड हाताला स्पष्ट कळतो.

मग अब्बांची शिसं काढायचा धीर झाला नाही. भाच्यानं आडव्या डोक्याचा जिग बांधून दिला. मी दोरी बोटावर घेतली. टक, टक, असं काही लागत राहिलं, मग एकदम मऊ झालं. ‘रेती?’ मी विचारलं. ‘चिखल,’ भाचा म्हणाला. ‘पण खडक संपला, ते बरोबर ओळखलंत.’

मासा त्या दिवशी लागला नाही. शिसं मी परत आणली, पडवीतल्या डब्यात आहेत.