आधी वाट, मग भाकरी

मी इंदापूर तालुक्यातून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून मी काम करते. त्यामुळं एरवी तुमच्याशी बोलणं होतं ते हप्ता, व्याज आणि बँकेच्या कागदांबद्दल. आज मात्र सायकलबद्दल बोलणार आहे. हसू नका, यातही हिशेब आहेच.

आमचं गाव उजनी धरणाच्या पाण्याच्या कडेला. भीमा नदीवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. जलाशयाला यशवंतसागर नाव मिळालं. माझा जन्म त्यानंतरचा, पण सासूबाई अजून पाण्याकडं बोट करून सांगतात, "तिथं आपली विहीर होती." जुनं पळसदेव गावही त्याच पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि बघायला गर्दी होते.

हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला रोहित पक्षी येतात, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांच्यामागं पुण्याचे पाहुणे येतात. कुणी नाव चालवतं, कुणी माशाचं जेवण करून घालतं. आता गेली दोन-तीन वर्षं सायकलवालेही यायला लागलेत. त्यांची सायकल आपल्या शाळेच्या सायकलीसारखी नसते. टायर मनगटाएवढं जाड, त्याला खोल नक्षी, पुढच्या दांडीला स्प्रिंग, आणि चढाला हलकं व्हावं म्हणून गिअर. टायरमध्ये हवाही कमीच ठेवतात, म्हणजे दगडावर ते दबतं आणि घसरत नाही. या लोकांना डांबरी रस्ता नकोच असतो. माळ, पाणंद, धरणाची कड, असंच हवं असतं.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत अशा दहा जणांनी आमच्या गटाकडं जेवण सांगितलं. पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. मला फार आनंद झाला. चूल आपली, पीठ आपलं, रोख पैसे हातात. सकाळी ते पाण्याच्या कडेनं सायकली फिरवून आले, पोटभर जेवले, आपल्या हातच्या भाकरीचं कौतुक केलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी गटाची बैठक होती. आमच्या एक काकू आल्या आणि त्यांनी हप्त्याच्या वहीवर मूठभर रोपं ठेवली. काकडीची, नुकती दोन पानांवर आलेली, चिरडलेली. म्हणाल्या, "काल ज्यांना मी भाकरी वाढली, त्यांच्याच चाकाखाली गेली बघ." मी विचारलं, "काकू, तेव्हाच का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "जेवत्या पाहुण्याला कसं बोलायचं गं?"

आता यात पाहुण्यांची चूक किती? खरं सांगायचं तर त्यांना ते शेत दिसलंच नाही. धरणाचं पाणी मागं सरकलं की गाळाची जमीन उघडी होते. तिच्यात आपण गाळपेर करतो. काकडी, कलिंगड, मका, जे साधेल ते. तिला बांध नाही, कुंपण नाही. सायकलवरून बघणाऱ्याला ती भेगाळलेली मोकळी जमीनच वाटते. आणि काकूंनी दाद तरी कुठं मागायची? ही जमीन धरणासाठी संपादित झालेली, सरकारच्या नावावरची. गाळपेर करणाऱ्याला ती थोड्या मुदतीच्या भाडेपट्ट्यानं मिळते. सातबाऱ्यावर काकूंचं नाव नाही. एकदा धरणात घर गेलं, आता गाळातली रोपं गेली, आणि या वेळी त्याला निमित्त मी होते. पाहुणे कुठून जाणार हे मी विचारलंच नव्हतं. मी फक्त भाकरी किती लागतील ते विचारलं होतं.

त्या बैठकीत दोन मतं पडली. काही जणी म्हणाल्या, हे सायकलवाले नकोतच. काही म्हणाल्या, पैसा येतोय तो का सोडायचा? शेवटी ठरलं की आधी वाट ठरवायची, मग भाकरी.

पुढच्या रविवारी आम्ही सहा जणी पायी निघालो. धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं, त्या रेघेच्या वरूनच वाट न्यायची, हा पहिला नियम केला. खाली गाळपेर, वर सायकल. जुनी गाडीवाट होती, पाणंद होती, मधला माळ होता. ज्यांच्या बांधावरून जावं लागणार होतं, त्यांना घरी जाऊन विचारलं. दोघांनी नाही म्हटलं, तिथं वळसा घेतला. उतारावर वाट कशी न्यायची ते मात्र आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्यातल्या तिघींनी रोजगार हमीवर समतल चर खोदलेत. वाट सरळ खाली उतरवली की पावसाळ्यात तिचा ओढा होतो, माती वाहून जाते. तीच आडवी, वळण घेत उतरवली आणि खालच्या अंगाला जरा कल ठेवला, तर पाणी वाटेवरून निघून जातं आणि वाट टिकते. जगभर सायकलच्या वाटा याच रीतीनं काढतात, हे मला नंतर कळलं.

दुसरा नियम महिन्यांचा. पावसाळ्यात बंद. आपली काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि चाकोऱ्या पडतात त्या वेगळ्याच. मार्च ते मे उघड्या काठावर, खडकाळ बेटांवर जायचं नाही. टिटवी, नदी सुरय असे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. मातीच्या रंगाची अंडी, पायी चालणाऱ्यालाही दिसत नाहीत.

तिसरा नियम नावेचा. पलीकडं करमाळ्याच्या बाजूला सायकली नावेतून नेऊन द्या, असं पाहुणे विचारतात. आम्ही नाही म्हणतो. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी नाव वादळात उलटली आणि सहा जीव गेले. ती संध्याकाळ या काठावरचं कुणी विसरलेलं नाही.

चौथा नियम पैशाचा. प्रत्येक पाहुण्यामागं काही रक्कम वेगळ्या डब्यात जाते. कुणाच्या पिकाचं नुकसान झालं तर त्यातून भरपाई, आणि ती गटानं द्यायची. पहिली भरपाई काकूंना दिली. आधी घेत नव्हत्या, मग वहीत सही करून घेतली.

बाहेर हे कसं चालतं म्हणून मी थोडं वाचलं. इंग्लंडच्या उत्तरेला कील्डर नावाचं मोठं धरण आहे. आपल्या उजनीच्याच काळातलं. तिथंही खोऱ्यातली घरं, शेतं पाण्याखाली गेली. आज त्या जलाशयाभोवती सुमारे ४२ किलोमीटरची वाट आहे. पायी चालणारे, सायकलवाले, घोडेस्वार, सगळे त्याच आखलेल्या वाटेनं जातात. उजनीचा काठ त्यापेक्षा कितीतरी लांब आणि वाकडातिकडा. सगळा कुणी आखणार नाही. पण आपल्या गावापुरते पाच-सहा किलोमीटर आपण आखू शकतो.

यात कमाई फक्त जेवणाची नाही. आपल्याकडं सराटे किती! पाहुण्यांची सायकल हमखास पंक्चर होते. गटातल्या दोघी पंक्चर काढायला शिकल्या. हवेचा पंप, पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास, बसायला सावली, याचेही पैसे लोक आनंदानं देतात. भाड्यानं द्यायला सायकली घेण्यासाठी कर्ज काढायचं का, यावर अजून एकमत नाही. माझं मत, घाई नको. एक हंगाम हिशेब बघू.

आणि एक गोष्ट. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायकांना सायकल शिकवली गेली. मजूर बायका, खाणीत काम करणाऱ्या बायका सायकलवर बसल्या, आणि बाजाराला, कामाला जायला त्यांना कुणाची वाट बघावी लागेना. मी दहावीपर्यंत सायकलनं शाळेत गेले. लग्न झालं आणि सायकल सुटली. त्या रविवारी वाट ठरवून झाल्यावर मी मुलीची सायकल मागितली आणि पाणंदीनं शेवटपर्यंत गेले. साडीचा काठ चेनमध्ये अडकला, एकदा पडलेही. आता दर रविवारी सकाळी ती वाट पाहुण्यांची नाही, गावातल्या मुलींची आणि बायकांची. काकू येतात, पण बसत नाहीत. बांधावर उभ्या राहून लक्ष ठेवतात, कुणी खाली गाळात उतरतंय का ते.

तुमच्याही गावाजवळ तलाव असेल, शिर्सुफळसारखा. नाहीतर कडबनवाडीसारखं चिंकारांचं गवताळ रान असेल. तिथं तर आधी वनखात्याला विचारा. पाहुणे आज ना उद्या येतील. ते यायच्या आधी चार जणी मिळून एकदा ती वाट पायी चालून या. कुणाचं पीक कुठं आहे, घरटं कुठं आहे, ते वहीत लिहा. मग भाकऱ्या किती लागतील ते मोजा.