जर्मनीतला रविवार

जर्मनीत नव्यानं संसार थाटणाऱ्या मराठी जोडप्याला रविवारी बंद असलेली दुकानं अडचणीची वाटू शकतात. पण १९१९ च्या वायमार राज्यघटनेनं रविवारच्या विश्रांतीला दिलेलं संरक्षण आजच्या घटनेतही कायम आहे, आणि त्यामुळेच दोघांना एकाच दिवशी सुटी मिळणं सोपं होतं. वाणसामान शनिवारी भरलं, की रविवार ऱ्हाइनकाठच्या भटकंतीला मोकळा. मे २०२३ पासूनच्या मासिक ‘डॉइचलांड तिकिटा’वर देशभर स्थानिक गाड्यांनी फिरताही येतं. कुणी म्हणेल, रुग्णालयं, रेल्वे, उपाहारगृहं तर रविवारीही चालूच असतात. खरं आहे, पण तिथल्या कर्मचाऱ्यांना कायद्यानं बदली सुटी द्यावी लागते. खरेदी दुसऱ्या दिवशीही होते. एकत्र घालवायचा दिवस मात्र राखूनच ठेवावा लागतो.