ओस पडत्या किनाऱ्याचा धडा
(सुलतानपूर, जि. बुलढाणा येथील भाषणाचा मजकूर)



समुद्रापासून इतक्या दूर, सुलतानपुरात, कोकणाची चर्चा कशासाठी? उत्तर जनगणनेत आहे. २००१ ते २०११ या दशकात बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख ३२ हजारांवरून २५ लाख ८६ हजारांवर गेली. त्याच दशकात रत्नागिरीची सुमारे ८२ हजारांनी आणि सिंधुदुर्गाची १९ हजारांनी घटली. जन्मप्रमाण उतरले हे खरे. पण तेवढ्याने जिल्हे आक्रसत नाहीत. माणसे निघून गेली.

याचे खापर निसर्गावर फोडता येणार नाही. कोकणात पाऊस उदंड आहे. कुळाच्या हाती जमीन नव्हती, हे मूळ कारण. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि खोताच्या जाचातून सुटण्याची वाट कुळाला गिरणीच्या भोंग्यात दिसली. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली विधेयक मांडले. कायदा झाला १९४९ साली. तोवर घरटी एक चाकरमानी मुंबईत होता आणि गाव मनीऑर्डरीवर जगत होते. २०११ सालीही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. शेत, गुरे, म्हातारी माणसे हा सारा भार कोणाच्या खांद्यावर राहिला, ते हा आकडाच सांगतो.

१९८२ च्या संपानंतर गिरणी कामगार देशोधडीला लागला. तरीही ओघ उलटा फिरला नाही. सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची रांग, निम्मे मुंबईत. वाटणी नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून जमीन पडीक. दुसरीकडे आंब्याच्या बागा राखायला आणि मच्छीमारी नौकांवर खलाशी म्हणून नेपाळहून मजूर येतात. म्हणजे काम आहे. त्या कामात स्थैर्य, रास्त मोबदला आणि मालकी नाही.

माणूस गेला की त्याच्यामागे मताचे वजनही जाते. २००८ च्या फेररचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघच उरला नाही. ज्या राजापूरने बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांना संसदेत पाठविले, ते हेच राजापूर.

बुलढाण्याची शिरगणती वाढते म्हणून येथे निश्चिंत राहावे काय? दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी जोडपी आणि पुण्या-सुरतेला जाणारे तरुण गावच्या यादीत कायम असतात. गावात मात्र नसतात. कोकणातही आरंभी असेच होते. चाकरमानी शिमग्याला, गणपतीला परतत असे. हंगामी जाणे कायमचे कधी झाले, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि शहरातील पगारदारांच्या व्यवसायकरातून खेड्यातील कामाला पैसा पुरविला. ज्या श्रमावर शहर उभे राहते, त्याचे देणे शहराने फेडावे, हे त्यामागचे तत्त्व होते. ते दयेचे नव्हे, हक्काचे होते. गावातच बारमाही काम, जमिनीची वाटणी आणि बाहेर जाणाऱ्याच्या मुलांच्या शाळेची सोय, या मागण्या त्याच तत्त्वातून येतात. माणसे गावात असतानाच त्या मांडल्या पाहिजेत. ओस गावाचा मोर्चा निघत नाही.