आधी दप्तर, मग आखणी

सातारा-सांगलीत रस्ता, कालवा किंवा वसाहत आखताना मातीची परीक्षा होते, भूसंपादनासाठी सातबारा आणि फेरफार काढले जातात. मालकी कोणाची, एवढे कळले की ते कागद मिटतात. त्या जागेवर पूर्वी काय होते, हे त्यांना कोणी विचारत नाही. तो प्रश्न आखणी नकाशावर असतानाच विचारला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर घ्या. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान, वीरूबाईसाहेब भोसले यांनी ती बांधवून घेतली. तिचे पाणी आमराईसाठी होते, असे सांगतात. विहिरीचे दगडी काम डोळ्यांत भरते, म्हणून ते वाचेल. पण मोटांचे पाणी वाहून नेणारा पाट, आमराईची हद्द, राबत्याची वाट यांच्यावर शिलालेख नसतो. त्यांचा माग लागलाच तर इनामाच्या नोंदींत, गावच्या थळझाड्यात, म्हणजे जमिनींच्या नोंदवहीत, आणि इंग्रजी अमदानीतल्या मोजणीच्या नकाशांत लागेल. १९५८ च्या केंद्रीय कायद्याला २०१० साली दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण आले; मात्र यादीत नाव नसलेल्या जागेला त्याचा काहीच आधार नाही.

आणि कागदाची तर इथे श्रीमंती आहे. १७०८ मध्ये साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, १८४८ मध्ये राज्य खालसा झाले. त्या दरबाराची कागदपत्रे पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराबरोबर आहेत. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. इतिहाससंशोधक पारसनिसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह आज डेक्कन कॉलेजात आहे. राजकारणासाठी आपण ही दप्तरे पुष्कळ वाचली. जमिनीसाठी फार थोडी.

यावर आक्षेप येतो, की दप्तर वतनदार-इनामदारांचे. भटक्यांचे तळ आणि शेतमजुरांची खोपटी त्यात कुठून येणार? आक्षेप रास्त आहे. कऱ्हाडजवळच्या आगाशिवची बौद्ध लेणी कोणी खोदली, हेही मोडी कागद सांगणार नाहीत. म्हणून नोंद नाही एवढ्यावरून जागा रिकामी असल्याचा शेरा कोणी मारू नये. तिथे प्रत्यक्ष पाहणी अधिक कसून व्हावी. शिवाय लेखी पुरावा मोडीपाशी संपत नाही. दूर मध्य प्रदेशात भारहूतच्या स्तूपावर करहाकटाच्या, म्हणजे आपल्या कऱ्हाडच्या, नावाने दान कोरलेले आहे.

दुसरा आक्षेप विलंबाचा. विलंब होतो तो उशिरा शोध घेतल्याने. आखणीच्या वेळी रस्ता थोडा सरकवता येतो. संपादन होऊन कंत्राट दिल्यावर जुनी भिंत उघडी पडली, तर शेतकरी, ठेकेदार आणि सरकार तिघेही अडकतात. इंग्लंडमध्ये १९९० च्या नियोजनविषयक मार्गदर्शनाने जुने नकाशे व नोंदी तपासण्याची अपेक्षा परवानगी मागणाऱ्याकडूनच केली.

मोडी वाचणारे कमी आहेत, हे खरे. त्यांना मानधनाचे काम मिळाले तर ते वाढतील. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात माती परीक्षणाप्रमाणे दप्तरवाचनासाठीही रक्कम धरावी आणि अहवालाचा मसुदा ग्रामपंचायतीत लोकांपुढे ठेवावा. कागदातले थळ आज कोणत्या बांधाला लागून आहे, हे गावातली जुनी माणसेच दाखवू शकतील. आपल्या परिषदेने ही मागणी ठरावाच्या रूपाने दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी, आणि वाईपासून मिरजेपर्यंतच्या कृष्णाकाठच्या गावांचे दप्तर लावण्याचे काम आपल्याच सभासदांनी हाती घ्यावे.